सुरूच न झालेलं केंद्र बंद करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
हौशी बिनतारी केंद्र परवाना कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली (लिफ्ट बंद आहे).

विषय : राहत्या घराच्या गॅरेजमधलं हौशी रेडिओ केंद्र, जे आजपर्यंत एकदाही सुरू झालेलं नाही, ते आपल्या तपासणीसांच्या समक्ष रीतसर बंद करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) सदर केंद्र सात दिवसांत बंद करण्याचा आपल्या कार्यालयाचा आदेश.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांपैकी एकाचीही पोच मिळालेली नाही.

महोदय,

सविनय सादर करण्यात येतं की,

१. अर्जदाराने या अर्जात स्वतःला कुठेही 'मी' म्हटलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी. चौथ्या अर्जात हा शब्द अकरा ठिकाणी आला होता. आपल्या आवक खिडकीवरच्या बाईंनी अकराही ठिकाणी लाल गोल केले आणि समासात "मी म्हणजे कोण?" असं लिहून अर्ज परत दिला. परत दिलेल्या अर्जाला पोच नसते, असंही सांगितलं. त्यामुळे या खेपेला अर्जदाराची हकिगत तिऱ्हाइताची असावी तशी लिहिली आहे. आधी जड गेलं. मग लक्षात आलं की हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी झालंय असं धरून लिहिलं तर पेन अडत नाही.

२. अर्जदार लिफ्टचा मेकॅनिक. चौतीस वर्षं नोकरी, आता निवृत्त. गॅरेज दहा बाय सतरा फुटांचं, पत्र्याचं शटर, आत एक खिडकी. स्कूटर होती ती गुडघ्यांनी साथ सोडल्यावर विकली. रिकाम्या जागेत अर्जदाराने भंगारातल्या एका लिफ्टच्या दाराचं टेबल केलं. त्यावर 'आत शिरताना आधी लिफ्ट आहे याची खात्री करा' ही पाटी अजून आहे. रेडिओ केंद्राचा सगळा थाटमाट म्हणजे हे टेबल, एक खुर्ची, एक सेट आणि गच्चीवरच्या टाकीपासून गॅरेजच्या छपरापर्यंत ताणलेली एक तार. शेजारी तिला टॉवर म्हणतात. त्यावरून अर्जदाराला टॉवरकाका म्हणतात. प्रत्यक्षात ती कपडे वाळत घालायच्या तारेपेक्षा बारीक आहे.

३. हे नसते उद्योग या वयात कशाला, असं आपल्या कार्यालयात दोनदा आणि सोसायटीत जवळजवळ रोज विचारलं गेलं. त्याचा खुलासा असा. अर्जदाराचा थोरला भाऊ, ज्याला या अर्जात दादा म्हटलं आहे, एकोणतीस वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होता. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डाव्या हाताची दोन बोटं राहिली.

अर्जदार अकरा तासांचा प्रवास करून दवाखान्यात पोचला तेव्हा दादाची ती दोन बोटं पलंगाच्या लोखंडी दांडीवर सारखी आपटत होती. डॉक्टरांनी कागदावर 'कंप' असं लिहिलं आणि कंपाची गोळी सुरू केली. नर्सनी दांडीला टॉवेल गुंडाळला, बाकीच्या पेशंटना त्रास नको म्हणून. अर्जदाराने आणि वहिनीने मिळून तो हात धरून ठेवला, चोळला, तेल लावलं. असे चार दिवस. पाचव्या दिवशी दादाचा जहाजावरचा एक जुना सोबती भेटायला आला. दारातच थबकला, मिनिटभर ऐकलं आणि हसायला लागला. वहिनी चिडली. तेव्हा तो म्हणाला, "अहो वहिनी, कंप कसला? तो म्हणतोय, खिडकी लावा. आणि पुढे जे म्हणतोय ते तुमच्यासमोर सांगता येणार नाही."

म्हणजे दादा इतके दिवस मोर्सच्या लिपीत, इंग्रजी अक्षरांत पण चोख मराठीत, गार वाऱ्याची तक्रार करत होता. आणि सख्खा भाऊ त्याचा हात दाबून धरून बसला होता. महोदय, अर्जदाराविरुद्ध आजवर ज्या एकवीस तक्रारी आल्या, त्यांतली एकही खरी नाही. ही बाविसावी खरी आहे. ती मात्र कुणी केली नाही.

४. त्यानंतर अर्जदार वयाच्या बासष्टाव्या वर्षी कट्ट आणि कडकट्ट, म्हणजे मोर्सची टिंबं आणि रेघा, शिकला. टेबलावर चमच्याने सराव केला. पत्नी म्हणाली, "चौतीस वर्षं लिफ्टचे खडखडाट घरी आणलेत, आता हे राहिलं होतं." आपल्याच कार्यालयाच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. प्रमाणपत्र जोडलं आहे. अर्जदाराला चालवता येतं, हे आपल्या कार्यालयाला मान्य आहे. फक्त चालवायचं नाही.

फोनवर का नाही, हेही विचारलं गेलं. फोनवर करून पाहिलं. पुतणी इंजिनिअर आहे, तिने समजावलं की मोबाइल माणसाचा आवाज ठेवतो आणि ठकठक ऐकली की ती फालतू समजून गाळून टाकतो. व्हिडिओवर हात दिसतो, पण चित्र मधेच थिजतं, आणि थिजलेलं बोट पुन्हा हलेपर्यंत अर्जदार फोन झटकत बसतो. दादाकडे त्याचा स्वतःचा सेट आहे, जुना परवाना आहे. वहिनी रोज सकाळी सातला तो चालू करून देते. म्हणजे अडचण फक्त या टोकाला आहे.

५. आता तक्रारींविषयी. अर्जदाराने आधी तार बांधली, कारण ते काम सोपं होतं. परवान्याचा अर्ज नुकताच दिला होता. अर्जदाराला मिळायचा होता तो दादाचा दुसरा, जुना सेट तेव्हा अकरा तासांवर त्याच्या माळ्यावर खोक्यात होता. तारेचं खालचं टोक गॅरेजबाहेर लोंबत होतं आणि ओल लागू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. अशा अवस्थेत तिसऱ्या दिवशी पहिली तक्रार आली.

निवृत्त बँक मॅनेजरांच्या टीव्हीवर नेमक्या बातम्यांच्या वेळी मुंग्या येऊ लागल्या. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचं वॉशिंग मशीन चालत चालत दारापर्यंत येऊ लागलं. ते गेली सहा वर्षं येतंय, पण आता ते गॅरेजच्या दिशेने येतं असं त्यांचं म्हणणं. एकाची झोप गेली. एकाला फार झोप यायला लागली. दोघांनीही एकाच कागदावर सह्या केल्या.

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची खुर्ची पेशंटसकट आपोआप वर जायला लागली. अर्जदाराला हे ऐकून राहवलं नाही. शेवटी हाडाचा लिफ्टवाला. तो पाने घेऊन गेला, खुर्ची उघडली, आतल्या स्विचवर काजळी बसली होती ती घासून काढली. खुर्ची सुधारली. पेशंट खाली आला. डॉक्टरांनी चहा दिला. आणि संध्याकाळी लेखी तक्रार दिली, त्यातलं वाक्य जसंच्या तसं देतो : "टॉवरकाकांनी स्वतः येऊन पाच मिनिटांत बिघाड दूर केला, यावरून तो त्यांच्याकडूनच होत होता हे उघड आहे."

अर्जदार सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेला. त्यांना हाताला धरून गॅरेजपाशी आणलं, लोंबणारं टोक दाखवलं, पिशवी दाखवली. म्हटलं, बघा, कशालाच जोडलेली नाही. केंद्र सुरूच झालेलं नाही. सेक्रेटरी पिशवीची गाठ चाचपून म्हणाले, "चालू नसताना एवढा ताप, चालू झाल्यावर काय होईल हो?" हे वाक्य पुढे सभेच्या इतिवृत्तात गेलं. आपल्या आदेशात परिच्छेद दोनमध्ये जे 'संभाव्य उपद्रव' म्हटलंय, त्याचा उगम तो.

६. इथे अर्जदाराच्या हातून एक चूक झाली, ती तो लपवू इच्छित नाही. लिफ्टच्या धंद्यात एक रीत आहे. बिघाड कुठला ते कळत नसेल तर एकेक भाग काढून ठेवायचा आणि बघायचं. त्या रीतीप्रमाणे अर्जदाराने एका दुपारी तार गुपचूप उतरवली आणि तिच्या जागी नायलॉनची दोरी ताणली. साधी दोरी. आठ दिवस ठेवली. त्या आठ दिवसांत तक्रारी नऊच्या चौदा झाल्या. मॅनेजरांच्या टीव्हीवर मुंग्यांबरोबर आता आडवे पट्टे आले.

अर्जदार खूश झाला. आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीच्या सभेत उभा राहून बोलला. दोरी सगळ्यांच्या हातात फिरवली. म्हणाला, हात लावून बघा, आठ दिवस ही वर होती. सगळ्यांनी हात लावला. शिकवणीवाल्या बाईंनी नंतर हात धुतला. मग मॅनेजर शांतपणे म्हणाले, "म्हणजे आता ते दोरीतूनसुद्धा सोडायला लागलेत."

यावर कुणीही हसलं नाही. एरवी सभेत कुणाचंही एकमत होत नाही, पाण्याच्या वेळेवरून तर एकमेकांच्या बापापर्यंत गेलेले लोक आहेत. त्या दिवशी ठराव एकमताने झाला. दोरी ताब्यात घेण्यात आली. तेव्हापासून आवारात कुणालाही नायलॉनच्या दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत, आणि यासाठीही लोक अर्जदारालाच शिव्या घालतात. पत्नी खुर्च्यांच्या पाठींवर कपडे वाळत घालते.

७. पुढे तार पुन्हा चढवली. पुतणीने येताना दादाचा जुना सेट आणला. तो टेबलावर मांडून आठवडा झाला नाही तोच आपले तपासणीस आले. माणूस भला. मीटर लावला, शून्य आलं. मीटर दोनदा ठोकून पुन्हा लावला, पुन्हा शून्य. ते लिहिणारच होते, तेवढ्यात सेक्रेटरींनी ती दोरी पुराव्यादाखल पुढे केली. तपासणीस गोंधळले. अर्जदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, एकवीस सह्या आहेत. 'काही आढळलं नाही' असं लिहिलं तर साहेब म्हणतील, मग एकवीस माणसं काय खोटं बोलतात?" म्हणून त्यांनी लिहिलं : 'तपासणीच्या वेळी केंद्र बंद असल्याचे भासवण्यात आले. ॲन्टेनाचा एक प्रकार नायलॉनचा आढळला.' सेटला जोडलेली संदेश ठोकायची चावी त्यांनी लाखेने सील केली. जाताना पायात अडकलेली वायर नीट गुंडाळून ठेवली. त्यांच्याबद्दल अर्जदाराचा काही राग नाही.

८. नंतर आदेश आला. केंद्र सात दिवसांत बंद करावं आणि बंद केल्याचा दाखला घ्यावा. दाखला निघाला की तक्रारी निकाली निघतात, आणि तक्रारी निकाली निघाल्या की परवान्याचा विचार होतो, असं त्यात शेवटी म्हटलंय. अर्जदार दाखल्यासाठी आला. दोन जिने चढून आला. (आपली लिफ्ट चौथ्यांदा बघितली. ब्रेकचा पट्टा गेलाय. तासाभराचं काम आहे. अर्जदार करून देईल, फक्त त्यावरून ती त्यानेच बिघडवली असं कुणी लिहू नये.) खिडकीवर झालेलं बोलणं असं :

"केंद्र बंद केलंत?"

"ते चालूच नव्हतं."

"म्हणजे बंद केलं नाहीत."

"चालू नसलेलं बंद कसं करणार, बाई?"

"ते आम्ही कसं सांगू? आदेश बंद करण्याचा आहे. तुम्ही बंद केलं नाही, म्हणजे पालन झालं नाही."

मग त्यांनी दाखल्याचा छापील नमुना दाखवला. त्यात पहिला रकाना : 'बंद करण्यापूर्वी केंद्र चालू असल्याचे तपासणीसाने स्वतः ऐकले काय? होय / नाही.' पहिल्यात 'नाही' आलं तर पुढचे रकाने भरता येत नाहीत. बाईंचं यात चुकलं असं अर्जदार म्हणणार नाही. नमुना त्यांनी छापलेला नाही. अर्जदाराने विचारलं की सेट कानाला लावून ऐकतो ते तरी चालू धरा. त्या म्हणाल्या, ऐकणं म्हणजे चालू नाही. ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो.

९. तर अर्जदार ऐकतो.

रोज सकाळी पावणेसातला शटर अर्धं वर करून आत जातो. सातला दादा येतो. सुरुवातीला निरोप लांबलचक यायचे. वहिनीने चहात साखर घालणं बंद केलंय. व्यायाम करून घेणारी मुलगी त्याला लहान पोरासारखं "शाब्बास" म्हणते. समोरच्या घराला कसला भयाण हिरवा रंग दिलाय. प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच वाक्य : "धाकट्या, आहेस का." मग तो थांबतो. दोन मिनिटं नुसती खरखर. या दोन मिनिटांत अर्जदाराचा हात सील केलेल्या चावीवर असतो. पत्नीला आता ऐकून ऐकून येतं, ती शटरपाशी कप घेऊन उभी असते. परवा म्हणाली, "आज भावजींचा हात दमलाय."

वहिनीला फोन करून सांगितलं की त्यांना सांग, तो ऐकतोय, सगळं ऐकतोय. तिने सांगितलं. दादाने तिच्या तळहातावर जे ठोकलं ते तिने अक्षर अक्षर लिहून घेऊन फोनवर वाचलं : "पोच नाही म्हणजे ऐकलं नाही." जहाजावरचा नियम आहे, महोदय. बुडणाऱ्या जहाजाने हाक मारली आणि कुणी पोच दिली नाही, तर ती हाक कुणी ऐकली असं तिथे धरत नाहीत. दादा एकोणतीस वर्षं या नियमाने जगला. तो वहिनीवर विश्वास ठेवतो, पण या बाबतीत नाही. त्याला वाटतं, त्याच्या समाधानासाठी ती खोटं बोलते.

गेल्या महिन्यापासून निरोप आखूड झाले. साखर गेली, हिरवं घर गेलं. मग फक्त "धाकट्या, आहेस का." गेल्या गुरुवारपासून "धाकट्या" एवढंच येतं आणि पुढे खरखर. काल ते सात वाजून अकरा मिनिटांनी आलं. एकोणतीस वर्षांत हा माणूस वेळेला कधी चुकला नव्हता. वहिनी म्हणते, सेट लावायला निघाले तर मान फिरवतात.

१०. आता मुद्द्याचं. अर्जदाराने आपला नमुना घरी नेऊन चष्मा लावून वाचला, आणि पाठीमागून पण वाचला, जे बहुधा कुणी करत नसावं. मागे बारीक अक्षरात टीप क्रमांक सहा अशी : 'बंद करण्याच्या प्रयोजनार्थ, तपासणीसाच्या समक्ष, केंद्र दहा मिनिटांपर्यंत चालू करण्यास वेगळ्या परवान्याची आवश्यकता नाही.'

सबब प्रार्थना की,

(अ) आपल्या तपासणीसांना सील तोडण्याच्या अधिकारासह अर्जदाराच्या गॅरेजमध्ये पाठवावं, आणि सदर केंद्र टीप सहाप्रमाणे दहा मिनिटं चालू करून मग बंद करून घ्यावं.

(ब) यासाठी सकाळी सातची वेळ द्यावी. कार्यालयीन वेळेच्या आधीची आहे हे मान्य. दहाला चालू केलं तर पलीकडे कुणी नसेल, आणि नुसत्या हवेत ठोकलेलं चालू धरायचं की नाही यावरून पुन्हा पत्रव्यवहार होईल. खुर्ची पुसून ठेवू. चहा होईल.

(क) चालू केल्यावर अर्जदार काय ठोकणार, हे आधी लिहून देण्याची अट असल्यास, ते असं : "दादा, आहे. रोज होतो. साखर सोड. खिडकी लावली." यात आक्षेपार्ह काही असल्यास 'साखर सोड' वगळायला हरकत नाही.

(ड) तपासणीसांच्या मते केंद्र पहिल्या दिवशी समाधानकारक बंद झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा चालू करून पुन्हा बंद करायला अर्जदार तयार आहे. तिसऱ्या दिवशीही. अर्जदाराचं वय आणि अननुभव बघता, नीट बंद करायला त्याला बरीच वर्षं लागतील असं वाटतं. दरम्यान मॅनेजरांच्या टीव्हीवर काय येईल त्याची जबाबदारी तो आनंदाने घेईल, कारण तेव्हा निदान ती खरी असेल.

(इ) वरचं काहीच शक्य नसेल, तर या अर्जाची पोच मात्र द्यावी. तारीख आणि शिक्का पुरे. अर्जदार तो कागद पाकिटात घालून दादाला पाठवील आणि सांगेल की इकडून हाक मारणं चालू आहे.

नम्रपणा अजून शिल्लक असलेला आपला,

(सही)
अर्जदार,
सोसायटीत 'टॉवरकाका' या नावाने ओळख

दिनांक : १९, मंगळवार, सकाळी साडेसात.

सोबत :
१) परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, नक्कल.
२) दातांच्या डॉक्टरांची तक्रार, नक्कल.
३) नायलॉनच्या दोरीचा तुकडा, एक वीत. उरलेली सोसायटीच्या ताब्यात.
४) दादाचे निरोप रोज ज्या वहीत उतरवून घेतले तिची नक्कल, त्रेसष्ट पानं. शेवटच्या पानावर आजची तारीख आणि सातची वेळ लिहिली आहे. त्यापुढे लिहिण्यासारखं आज काही आलं नाही, म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता अर्जदार स्वतः घेऊन येत आहे. तो खिडकीशी बसून राहील.